आमचं वावर समुद्रात कसं गेलं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार दादा. आमचं वरुड तालुक्यात संत्र्याचं वावर आहे, सातबाऱ्यावर २ हेक्टर ७ आर. मागच्या वर्षी बाबांनी खाजगी मोजणीवाल्याकडून ते मोजून घेतलं होतं, त्याने एक कागद दिला त्याच्यावर चारच ओळी आहेत. बिंदू १ ते २ उत्तर १२°३०′ पूर्व १५० मीटर, २ ते ३ दक्षिण ७९°००′ पूर्व १४० मीटर, ३ ते ४ दक्षिण ९°१५′ पश्चिम १३८ मीटर आणि ४ ते १ उत्तर ८३°३८′ पश्चिम १४८.६ मीटर. मला ठिबकची मेन लाइन आणि नवी झाडं नकाशावर आखायची आहेत म्हणून मी हे मोबाइलच्या एका ॲपमध्ये टाकलं तर आकृती पूर्ण बंदच होत नाही, पाऊण मीटर उघडी राहते. तशीच फाइल क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली, कुणीतरी सांगितलं म्हणून यूटीएमचा झोन ४४ निवडला, तर वावर पार कन्याकुमारीच्या खाली समुद्रात दिसते. आणि दुसरं म्हणजे शेजारच्या काकांसोबत धुऱ्यावरून कुरबूर चालू आहे, त्यातही हा नकाशा दाखवता आला तर बरं होईल. कुठे चुकतंय?

उत्तर : भाऊ, तुमचा कागद मी पूर्ण मांडून पाहिला आणि आधी चांगली गोष्ट सांगतो की कागद बरोबर आहे. ज्याने मोजलं त्याने नीट मोजलं, चारही ओळी सेंटीमीटरात बंद होतात आणि क्षेत्र २ हेक्टर ७ आरच येतं, म्हणजे सातबाऱ्याशी जुळतं. तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या चुका झाल्या, एक ॲपमध्ये आकडे टाकताना आणि दुसरी फाइल आणताना, त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही म्हणून वेगवेगळ्या धरू.

पाऊण मीटर कुठून आला? तुम्ही १२°३०′ ला १२.३० टाकलं असणार. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, १२.५ टाकायला पाहिजे. ९°१५′ म्हणजे ९.२५ आणि ८३°३८′ म्हणजे ८३.६३३. मी मुद्दाम तुमच्यासारखं चुकीचं टाकून पाहिलं, बरोबर पाऊण मीटरच उघडं राहिलं म्हणून इतक्या खात्रीने सांगतोय. पहिल्याच रेषेत, १५० मीटर जाता जाता, एवढ्याशा चुकीने टोक अर्ध्या मीटरहून जास्त सरकतं. ही चूक फार जणांची होते आणि मग लोक मोजणीवाल्याला दोष देतात, ते बरं नाही.

काही सॉफ्टवेअर उत्तर-पूर्व असं, म्हणजे उत्तरेकडून पूर्वेला इतके अंश वळून, घेत नाहीत, त्यांना उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यासारखं ० ते ३६० मध्ये पाहिजे असतं. तेव्हा तुमची पहिली रेष १२.५ अशीच राहील, दुसरी दक्षिण-पूर्व आहे म्हणून १८० मधून ७९ गेले १०१, तिसरी दक्षिण-पश्चिम म्हणून १८० मध्ये ९.२५ मिळवले १८९.२५, आणि चौथी उत्तर-पश्चिम म्हणून ३६० मधून ८३.६३३ गेले तर २७६.३६७. माझं म्हणणं असं की ॲपवर विसंबण्यापेक्षा एकदा एक्सेलमध्ये स्वतः करून पाहा, लांबी गुणिले साइन म्हणजे पूर्वेकडे किती गेलो, लांबी गुणिले कोसाइन म्हणजे उत्तरेकडे किती गेलो, फक्त एक्सेलला कोन रेडियनमध्ये लागतो ते विसरू नका. पहिल्या रेषेचं पूर्वेकडे ३२.४७ आणि उत्तरेकडे १४६.४४ मीटर आलं की समजा गाडी रुळावर आहे. प्रत्येक वेळी मागच्या बिंदूत मिळवत जायचं आणि चौथ्या रेषेनंतर परत पहिल्याच आकड्यांवर यायला पाहिजे. नाही आलं तर पुढे जाऊच नका, तिथेच थांबून चूक शोधा.

आता समुद्राचं. तुमच्या ॲपने पहिला बिंदू आपल्या मनाने १०००, १००० धरला आहे, कारण तुमच्या कागदावर आकार आहे पण जागा नाही. चार ओळींमध्ये कुठेच लिहिलेलं नाही की पहिला दगड पृथ्वीवर नेमका कुठे आहे. यूटीएम म्हणजे जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत आणि झोन म्हणजे तिचा एक उभा पट्टा. आणि झोन ४४ मध्ये १००० मीटर पूर्व, १००० मीटर उत्तर ही जागा विषुववृत्तावरच पडते, तिथे समुद्रच आहे. क्यूजीआयएसने तुम्ही सांगितलं तेच केलं. वरुडच्या भागात झोन ४४ चे खरे आकडे बघितले तर पूर्वेचा २ लाख २० हजारांच्या आसपास आणि उत्तरेचा पावणेचोवीस लाखांच्या आसपास असतो, यावरूनच तुमच्या १००० ला काय कमी आहे ते लक्षात येईल.

म्हणून आता वावरात जायचं. पहिला बिंदू जिथे आहे तो दगड शोधा. मागे एकदा मी आणि एक कास्तकार अर्धा दिवस असाच दगड शोधत फिरलो, कागदावर धुऱ्याच्या कोपऱ्यात दाखवला होता आणि तिथे नुसतं बोरीचं झुडूप, शेवटी विळ्याने ते छाटलं तर बुडाशी मातीत गाडलेला दगड निघाला, वरच्या बाजूला छिन्नीची फुली अजून स्पष्ट. ती सापडली तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरलो नाही. तर दगड असतोच बहुतेक, फक्त नांगराने सरकवलेला नाही ना हे जुन्या माणसाला विचारून घ्या.

त्या दगडाचे अक्षांश-रेखांश घेऊन ते झोन ४४ च्या मीटरमध्ये बदलायचे, क्यूजीआयएसमध्ये त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४४, आणि १००० च्या जागी ते टाकायचे, बाकी तीन बिंदू आपोआप मागे येतील. पण एकाच दगडाने काम भागत नाही. एका दगडाने जागा ठरते, वावर त्या दगडाभोवती किती फिरलेलं आहे ते ठरत नाही. त्यासाठी दुसरा दगड लागतो आणि तो जितका दूर तितका बरा, तुमच्यात बिंदू ३ घ्या, १ पासून तो तिरका २०८ मीटरवर आहे. बिंदू २ किंवा ४ पण घेतला तर तपासणीला कामी येतो.

फिरण्याचं हे का म्हणतोय ते सांगतो, कारण हे कुणी सांगतच नाही. तुमच्या कागदावरची उत्तर दिशा कोणती हे कागदावर लिहिलं आहे का? होकायंत्राची उत्तर, खरी उत्तर, की मोजणीवाल्याने यंत्र लावताना आपल्या सोयीने धरलेली उत्तर? आणि खरी असली तरी यूटीएमच्या चौकटीची उत्तर वेगळी असते. झोन ४४ ची मधली रेषा ८१ अंश पूर्व रेखांशावर आहे, वरुड तिच्यापासून पावणेतीन अंश पश्चिमेला, त्यामुळे तिथे खरी उत्तर आणि चौकटीची उत्तर यात साधारण १ अंशाचा फरक पडतो आणि आकृती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तेवढी फिरवावी लागते. १ अंश म्हणजे तुमच्या २०८ मीटरच्या टोकाला साडेतीन मीटर! संत्र्याच्या दोन ओळींमध्ये जेवढं अंतर असते त्याच्या अर्ध्याहून जास्त. म्हणून दोन दगड घ्या आणि क्यूजीआयएसमधल्या ट्रान्सलेट आणि रोटेट या दोन साधनांनी आधी सरकवा, मग पहिल्या दगडाला खिळा धरून फिरवा. आकृती लहानमोठी मात्र करू नका, लांब्या फितीने मोजलेल्या आहेत, त्या तुमच्या मोबाइलपेक्षा कितीतरी भरवशाच्या आहेत.

मोबाइलबद्दल स्पष्टच सांगतो. मोकळ्या आभाळाखाली साधा मोबाइल तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो आणि भरलेल्या संत्र्याच्या झाडाखाली त्याहून वाईट. दोन दगडांमध्ये पाच मीटरची चूक झाली तर आकृती जवळपास दीड अंश चुकीची फिरेल, म्हणजे सुधारायला गेलो आणि जास्त बिघडवलं. झाडापासून दूर उभं राहून, प्रत्येक दगडावर पाच-दहा मिनिटं मोबाइल ठेवून, वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा घेऊन सरासरी काढा. ठिबकसाठी एवढं पुरतं.

एक्सेलची फाइल सीएसव्ही करून क्यूजीआयएसमध्ये डिलिमिटेड टेक्स्ट म्हणून घ्या, पॉइंट्स टू पाथने रेष करा, मग लाइन्स टू पॉलिगॉन्स. पहिला बिंदू शेवटी परत लिहायचा आणि बिंदूंचा क्रम एका वेगळ्या रकान्यात द्यायचा, नाहीतर रेषा आडव्यातिडव्या जातात.

आता धुऱ्याचं. भाऊ, हा नकाशा शेजारच्या काकांना दाखवायला नेऊ नका, हात जोडून सांगतो. यात मोबाइलच्या मीटर-मीटरच्या चुका आहेत आणि कागद खाजगी आहे. धुऱ्याचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, ई-मोजणीवर ऑनलाइन होतो, मोजणीच्या तारखेची लगतच्या कास्तकारांना आधी नोटीस जाते, त्या दिवशी काकाही तिथे उभे राहतात आणि सगळ्यांसमोर खुणा दाखवल्या जातात. त्यानंतर मिळणारी क प्रत, म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा, हाच खरा कागद. हल्ली रोव्हरने, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या यंत्राने, मोजणी होते, त्या नकाशावर कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश असले तर तुमचं हे सगळं दगड शोधणं आणि फिरवणं वाचेल, सरळ तेच आकडे टाका. मी स्क्रीनवरची पिवळी रेष दाखवून धुरा कोरलेला पाहिला आहे आणि त्यातून दोन सख्ख्या चुलत घरांचं पोळ्याला एकमेकांकडे जाणं बंद झालं, वर्षं झाली, अजून बंद आहे.

प्रश्न : भाऊ, आमच्या सासऱ्यांचं दारव्हा तालुक्यात शेत आहे, त्याचं जुनं खरेदीखत आहे आमच्याजवळ. त्यात चतुःसीमा दिली आहे, पूर्वेस नाला, पश्चिमेस पांदण रस्ता, उत्तरेस आणि दक्षिणेस दुसऱ्यांची शेतं. मुलाने चारही बाजू फितीने मोजल्या. एवढ्यावर कॉम्प्युटरमध्ये नकाशा काढता येईल का?

उत्तर : ताई, नाही येणार, आणि मुलाची मेहनत वाया गेली असंही समजू नका, फक्त एक माप राहिलं आहे. चतुःसीमेतून शेत ओळखता येते, आकार काढता येत नाही. नाला तर दर पावसाळ्यात आपली वाट बदलतो. आणि चार बाजू कळल्या तरी आकार पक्का होत नाही. घरची खाट बघा ना, तिरका आधार नसला की चारही लाकडं तेवढ्याच लांबीची राहून ती एका बाजूला झुकते. शंभर शंभर मीटरच्या चार बाजू असतील तर चौकोन सरळ उभा असताना १ हेक्टर भरतो आणि तोच ६० अंशात झुकला तर ८६.६ आर, म्हणजे १३ आर गेले आणि बाजू एक इंचही बदलली नाही. म्हणून मुलाला म्हणा एक तिरकी रेष पण मोज, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात. ती मिळाली की दोन त्रिकोण झाले आणि त्रिकोण हलत नाही. चार कोपऱ्यांहून जास्त असतील तर तिरक्या पण जास्त लागतील. मधे पीक उभं असेल तर कापणीपर्यंत थांबा.

त्याहून चांगला कागद म्हणजे जुनं टिपण, भूमी अभिलेख कार्यालयात गट नंबर किंवा सर्व्हे नंबर देऊन नक्कल मागा. त्यात शेतातून एक मधली रेष टाकलेली असते आणि तिच्यावरून कोपऱ्यांपर्यंत डावीकडे-उजवीकडे लंब मोजलेले असतात. मला स्वतःला हे टिपण फार आवडते, इतक्या वर्षांपूर्वी ऊनपावसात साखळी ओढत कुणीतरी एकेक लंब टाकला आणि आज आपण तेच आकडे कॉम्प्युटरमध्ये टाकले तर शेत जसंच्या तसं उभं राहते. मधल्या रेषेवरचं अंतर उभा (वाय) आकडा, लंब आडवा (एक्स) आकडा, डावीकडचा लंब वजा धरायचा, झालं, यात कोनाची भानगडच नाही.

पण एकक बघा. वऱ्हाडातली जुनी मोजणी मुंबई पद्धतीने झाली, तिथे साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. म्हणजे एक साखळी १०.०५८ मीटर आणि एक आणा जवळपास ६३ सेंटीमीटर. एक साखळी लांब एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर, किती सोपं करून ठेवलं होतं त्या लोकांनी. पण दुसरी एक साखळी आहे ६६ फुटांची, १०० कड्यांची, ती धरली गेली तर सगळ्या लांब्या दुप्पट होतात. ओळखायची खूण अशी की क्षेत्र काढून सातबाऱ्याशी लावून बघायचं, चौपट किंवा पाव आलं की समजायचं साखळी चुकली. थोडासा फरक, दोनचार आर, आला तर मात्र ती साखळीची चूक नाही, मग एखादा लंब उलट्या बाजूला टाकला गेला का ते पाहा, नक्कल अंधुक असली की असं होते.

प्रश्न : मी वणीला कॉम्प्युटरचं काम करतो. मामाचं वावर पुसदकडे आहे, मोजणीच्या नकाशावर यूटीएमचे आकडे छापलेले होते, मी नेहमीच्या प्रोजेक्टमध्ये टाकले तर वावर ओडिशात जाऊन पडलं. वणीकडची सगळी वावरं मात्र बरोबर दिसतात. आकडे चुकीचे छापले का?

उत्तर : आकडे बरोबर आहेत, झोन चुकला. यूटीएमचे पट्टे सहा-सहा अंशांचे असतात, ७२ ते ७८ पूर्व रेखांश म्हणजे झोन ४३ आणि ७८ ते ८४ म्हणजे झोन ४४, आणि हा ७८ चा रेखांश नेमका आपल्या अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांमधून जातो. एकाच जिल्ह्यात पुसद त्याच्या पश्चिमेला आणि वणी पूर्वेला. तुमचं नेहमीचं प्रोजेक्ट ४४ चं, मामाचे आकडे ४३ चे, म्हणून वावर सहा अंश पूर्वेला सरकलं आणि ओडिशात गेलं. वरुडवाल्या भाऊंनी उलटी चूक केली असती, ४४ चे खरे आकडे ४३ म्हणून टाकले असते, तर त्यांचं वावर गुजरातेत भावनगरकडे समुद्रकाठी निघालं असतं. लेयरवर उजवं क्लिक करून त्याचा सीआरएस, म्हणजे आकडे कोणत्या पद्धतीचे ते सांगणारी नोंद, ईपीएसजी ३२६४३ करा. प्रोजेक्टचा बदलून काही होणार नाही, लेयरचाच बदलायचा, इथे खूप जण गोंधळतात. आणि मामाचं पुसद झोन ४३ च्या मधल्या रेषेच्या पूर्वेला येते, म्हणून वर जे फिरवण्याचं सांगितलं ते तिथे उलट्या दिशेने होईल. पण तुमच्याकडे छापलेले आकडे आहेत, तुम्हाला फिरवायची गरजच नाही.

याच ७८ अंशाच्या आसपासच्या रेषेने दक्षिणेकडून देश मोजत मोजत विल्यम लॅम्बटन हा इंग्रज मोजणी अधिकारी वर आला होता, १८०२ ला मद्रासला सुरुवात केली आणि १८२३ साली नागपूरकडे निघालेला असताना आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. वणीहून हिंगणघाट काही लांब नाही, या कामात असाल तर एकदा जाऊन या.

प्रश्न : गुगल अर्थवर केएमएल (त्याची नकाशाची फाइल) टाकली तर आमची हद्द धुऱ्यापासून आठ-दहा फूट बाजूला दिसते. कोण चूक, मोजणी की गुगल? (नरखेड तालुका)

उत्तर : बहुतेक वेळा फोटो सरकलेला असतो. उपग्रहाचा फोटो जमिनीवर बसवताना काही मीटरचा फरक राहतो आणि वेगवेगळ्या वर्षांचे फोटो एकमेकांवरही तंतोतंत बसत नाहीत, वरच्या घड्याळाच्या चिन्हावरून जुने फोटो लावून बघा, धुरा स्वतःच इकडेतिकडे सरकताना दिसेल. चारही बाजू एकाच दिशेला तेवढ्याच सरकल्या असतील तर फोटोचंच कारण धरा. एकच बाजू सरकली असेल आणि बाकी तीन बसत असतील तर त्या बाजूला प्रत्यक्ष जाऊन दगड बघा. आणि केएमएल बनवताना सीआरएस ईपीएसजी ४३२६ ठेवली होती का तेही एकदा तपासा, केएमएलला अक्षांश-रेखांशच चालतात.